मुसीचा महापूर आणि शहराचा कारभार

आपल्या इतिहासलेखनात लढाया, तह आणि वंशावळी यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे पूर, आग आणि रोगराई यांना मिळाले नाही. अशा आपत्तींचा उल्लेख आला तरी तो राज्यकर्त्याच्या औदार्याची कथा म्हणून येतो, अथवा दैवी कोपाची हकीकत म्हणून. वास्तविक एखाद्या शहराच्या कारभाराची खरी परीक्षा अशाच प्रसंगी होते. शांततेच्या काळात दप्तरे नीट चालतात, कर गोळा होतो, दिवे लागतात; आणि कारभार उत्तम आहे असा सर्वांचा समज होतो. एका रात्रीत नदी चढते आणि त्या समजाखाली काय होते व काय नव्हते ते उघडे पडते. म्हणून आपत्तीचा अभ्यास करताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. संकट येण्यापूर्वी कारभाराने काय तयारी केली होती? संकट आले तेव्हा त्याने काय केले? आणि संकट ओसरल्यावर त्याने काय लक्षात ठेवले? यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक असते, पहिल्याचे थोड्यांना, आणि तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही.

हैदराबादेतील १९०८ सालचा मुसी नदीचा महापूर हे या तिन्ही प्रश्नांच्या विवेचनासाठी फार बोलके उदाहरण आहे. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत 'तुगयानी' हा शब्द आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले लोक आजही आढळतात. पण ऐकीव आठवण आणि इतिहास यांत अंतर असते. ते थोडे कमी व्हावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

(१)

मुसी ही मूळची लहान नदी. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात ती उगम पावते, पूर्वेकडे वाहत येते आणि शहराच्या वरच्या अंगाला ईसी नावाचा तिचा जोडप्रवाह तिला मिळतो. तेथून ती शहराच्या मधोमध जाते व पुढे कृष्णेस मिळते. वर्षातील आठ महिने तिच्या पात्रात वाळू आणि एखादी धार एवढेच दिसे. जी नदी उन्हाळ्यात पायी ओलांडता येते, तिचे भय वाटेनासे होते, आणि भय वाटेनासे झाले म्हणजे वस्ती पात्राकडे सरकू लागते. हैदराबादेत हेच झाले. कुत्बशाहीत १५७८ साली बांधलेला पुराणापूल, त्यानंतर तीन शतकांच्या अवधीत झालेले चादरघाटचा, अफजलगंजचा आणि मुसल्लमजंगचा असे तीन पूल, आणि या पुलांच्या दरम्यान दोन्ही काठांना लागून वाढलेले बाजार, मोहल्ले व इस्पितळ, असे त्या काळच्या शहराचे स्वरूप होते. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ४८ हजार होती. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत त्याची गणना होत असे.

एवढ्या मोठ्या शहराचा कारभार मात्र एका हाती नव्हता. सालारजंग पहिले यांच्या दिवाणगिरीत, १८६९ साली, येथे नगरपालिकेची स्थापना झाली. लोकांच्या बोलण्यात ती 'बलदिया'. पुढे नदीच्या उत्तरेकडील चादरघाट भागासाठी वेगळी नगरपालिका झाली. त्याच उत्तर काठावर रेसिडेन्सी बाजार होता आणि तेथे इंग्रज रेसिडेंटचा अंमल चाले. तो भाग निजामाच्या राज्यास १९३३ साली परत मिळाला. म्हणजे एकाच नदीच्या दोन काठांवर तीन निरनिराळे अंमल नांदत होते.

शहराबाहेर जावे तर गुंतागुंत आणखीच वाढत असे. शहराभोवतालचा 'अतराफ-ए-बलदा' हा जिल्हा निजामाच्या खाजगी मालकीचा, म्हणजे सर्फ-ए-खासचा. त्याला लागून पायगा सरदारांचे मुलूख, जहागिरी आणि दिवाणी खात्याची गावे एकमेकांत मिसळलेली. मुसीचे पाणलोट क्षेत्र या सर्वांवर पसरलेले होते. पाण्याला मात्र सर्फ-ए-खास आणि दिवाणी यांतील भेद कळत नाही.

या पाणलोटातच पुराचे मर्म आहे. तेलंगणाचा प्रदेश तळ्यांचा. काकतीयांच्या काळापासून ओढ्यावर बांध घालून पाणी अडवावे, त्यावर भात पिकवावे, आणि एका तळ्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात जावे, अशी साखळी तेथे उभी राहिली. शहराच्या वरच्या भागात सुमारे ८६० चौरस मैल पाणलोट होते आणि त्यात ७८८ तळी होती. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक तळे. ही व्यवस्था शेतीच्या दृष्टीने वाखाणण्यासारखी खरी. पण साखळीची कथा अशी की, ती एका कडीत तुटली की ओढ सर्व कड्यांवर येते. वरचे तळे फुटले म्हणजे त्याचे पाणी खालच्या तळ्यात एकदम उतरते, तेही फुटते, आणि दोघांचे पाणी मिळून तिसऱ्यावर कोसळते. सांडवे साफ ठेवणे, बांधावरची झुडपे काढणे, उंदीर-घुशींची बिळे बुजविणे ही कामे दरसालची. त्यांची जबाबदारी मात्र ज्याची जमीन त्याची. संपूर्ण नदीचा विचार करणारे एकही दप्तर नव्हते.

पूर्वतयारीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. कारभारी मंडळी आळशी होती किंवा निर्दय होती, असे म्हणता येत नाही. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत आपले काम करीत होता. संकट मात्र हद्दींच्या मधून वाहत आले.

(२)

सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस हस्ताचा पाऊस सुरू झाला. एकीकडे नवरात्र बसले होते, दुसरीकडे रमजानचा महिना नुकताच लागला होता. शमशाबादच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. जेथे वर्षाचा पाऊसच तीस-पस्तीस इंचांच्या आसपास, तेथे दोन दिवसांत त्याच्या निम्म्याहून अधिक पडला. पाणलोटातील तळी एकामागून एक फुटू लागली. पुढे झालेल्या तपासात ७८८ पैकी २२१ तळी फुटल्याचे आढळून आले.

२८ सप्टेंबरच्या पहाटेपूर्वीच नदीने पात्र सोडले. लोक झोपेत होते. वरच्या तळ्यांची फूट ही काही क्षणात घडलेली गोष्ट नव्हे; पाणी मैलोगणती चालून शहरात आले. तेवढ्या वेळात एखादा स्वार, एखादी तार, नगाऱ्याचा एखादा ठोका काठावरच्या मोहल्ल्यांना जागे करू शकला असता. पण वर काय घडत आहे हे ज्याला दिसत होते, त्याच्यावर खाली कळविण्याचे कर्तव्य नव्हते; आणि खाली ज्याच्यावर रक्षणाचे कर्तव्य होते, त्याला वरचे काही दिसत नव्हते. पर्जन्यमापकात पाऊस मोजला गेला, तो वहीत लिहिला गेला. पण वहीतला आकडा आणि नदीकाठचे दार यांच्यामध्ये माणूस नव्हता.

नदीतून शिखरावेळी दर सेकंदास सुमारे ४ लाख २५ हजार घनफूट पाणी वाहिले, असा अंदाज पुढे तज्ज्ञांनी केला. अफजलगंजचा, मुसल्लमजंगचा आणि चादरघाटचा हे तिन्ही पूल कोसळले अथवा निकामी झाले. सर्वांत जुना पुराणापूल तेवढा टिकला. पूल जाताच शहराचे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडची मदत उत्तरेस आणि उत्तरेकडची दक्षिणेस पोचेना. कोळसावाडी, घांसीबाजार यांसारख्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. अफजलगंजचे इस्पितळ उद्ध्वस्त झाले. शहराच्या तटाचा पेटला बुरूज उंच आणि भक्कम समजून शेकडो लोक त्यावर चढले. पाण्याने बुरुजाचा पाया पोखरला आणि तो लोकांसह खाली आला. इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढलेले सुमारे दीडशे लोक मात्र वाचले. ते झाड अद्याप उभे आहे आणि काही नागरिक २८ सप्टेंबरला त्याच्या छायेत जमून मृतांचे स्मरण करीत आले आहेत. दगडी बुरूज पडला आणि झाड राहिले, ही गोष्ट ऐकणाऱ्याला चमत्कार वाटते. वास्तविक बुरूज शत्रूच्या तोफांसाठी बांधला होता, पाण्यासाठी नव्हे.

मृतांची संख्या सामान्यतः १५ हजार सांगितली जाते. सुमारे १९ हजार घरे पडली आणि ८० हजार लोक निराश्रित झाले. उर्दूतील प्रसिद्ध कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. त्या दुःखावर त्यांनी लिहिलेली 'कयामत-ए-सुगरा' ही कविता उर्दू वाङ्मयात सुपरिचित आहे. इतिहासकार आकडे देतो. पण एका आकड्याच्या पोटात काय असते, हे सांगण्याचे काम कवीला करावे लागते.

(३)

संकट आले तेव्हा राज्यकर्त्यांनी काय केले, याची हकीकत शहराला तोंडपाठ आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपल्या वाड्यांची दारे निराश्रितांसाठी उघडली. ठिकठिकाणी अन्नछत्रे सुरू झाली, कपडे व निवारा यांची सोय झाली, मदतीसाठी निधी उभा राहिला. निजामाने स्वतः नदीवर जाऊन तिची खणा-नारळाने पूजा केली आणि त्यानंतर पाणी ओसरले, अशी आख्यायिका सांगतात. तिच्या खरेपणाचा वाद घालण्याचे येथे कारण नाही. मुसलमान राजाने प्रजेच्या रीतीने नदीची ओटी भरली, या कल्पनेत जनतेने त्या राजाला काय मानले होते ते दिसते. पुढे सत्तर-ऐंशी वर्षे ही कथा घराघरांत टिकून राहिली, यावरून तिचे मोल समजावे.

पण कारभाराचा अभ्यास करणाऱ्याने या ठिकाणी थोडे थांबावयास हवे. वाड्याचे दार उघडणे हे राजाचे औदार्य. ते राजाबरोबर येते आणि राजाबरोबर जाते. अन्नछत्र किती दिवस चालवावयाचे, पडलेल्या घराची मोजदाद कोणी करावयाची, प्रेतांची विल्हेवाट कोठे व्हावयाची, विहिरी शुद्ध कोणी करावयाच्या, पूल नसताना धान्य दुसऱ्या काठी कसे न्यावयाचे, हे प्रश्न औदार्याने सुटत नाहीत. त्यांना आधी ठरलेली वाट लागते. ती वाट १९०८ मध्ये आखलेली नव्हती. म्हणून जे झाले ते व्यक्तींच्या तत्परतेने झाले. ज्या मोहल्ल्यात तत्पर माणूस होता तेथे लोक वाचले. जेथे नव्हता तेथे नशिबावर हवाला राहिला. आपत्तीत व्यक्तीची थोरवी दिसून येते, हे खरे. परंतु ज्या शहराला संकटात प्रत्येक वेळी थोर व्यक्तीची वाट पाहावी लागते, त्याचा कारभार अजून पूर्ण झालेला नाही, असेच म्हणावे लागेल.

(४)

या महापुराला हिंदुस्थानच्या नगररचनेच्या इतिहासात जे स्थान मिळाले, ते मात्र पुढच्या कामामुळे. दिवाण महाराजा किशनप्रसाद यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना विशेष सल्लागार इंजिनियर म्हणून पाचारण केले. विश्वेश्वरय्या हे म्हैसूरचे. तथापि त्यांचे इंजिनियरिंगचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले होते आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नाशिक, खानदेश, पुणे या भागांत काम केले होते. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ सालचे. मुंबईची नोकरी सोडून ते परदेश प्रवासास गेले असता हैदराबादचे बोलावणे त्यांना आले आणि एप्रिल १९०९ मध्ये ते येथे दाखल झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूरला मुख्य इंजिनियर म्हणून गेले, म्हणजे त्यांना येथे केवळ काही महिने मिळाले.

या थोड्या अवधीत त्यांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी प्रथम प्रश्नच बदलला. शहरातील लोक विचारीत होते : नदीला शहरात कसे आवरावे? भिंती किती उंच कराव्या? विश्वेश्वरय्यांनी विचारले : हे पाणी आले कोठून? त्यांनी पाणलोटाची पाहणी केली, पावसाचे आकडे जमविले, फुटलेली तळी मोजली आणि शहराचा बचाव शहरात होणार नाही, तो शहराच्या वर झाला पाहिजे, असा निष्कर्ष काढला. मुसीवर एक आणि ईसीवर एक असे दोन मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी वरच थोपवून धरावे आणि ते हळूहळू सोडावे, ही त्यांची मुख्य सूचना. शहरातील काठ उंच करून त्यांवर रस्ते व बागा कराव्यात, वस्ती पात्रापासून दूर राहावी आणि शहराला भुयारी गटारांची योजना असावी, या त्यांच्या इतर सूचना होत्या.

त्यांच्या अहवालाचे पुढे काय झाले, हेही कालानुक्रमे पाहणे बोधप्रद आहे. १९०९ साली अहवाल आला. १९११ च्या ऑगस्टमध्ये निजाम महबूब अली खान निवर्तले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. १९१३ मध्ये मुसीवरील जलाशयाची पायाभरणी झाली आणि तो १९२० मध्ये पुरा झाला. तोच उस्मानसागर. ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. म्हणजे महापुरापासून दुसऱ्या धरणापर्यंत एकोणीस वर्षे गेली. या काळात एक निजाम गेला, दिवाण बदलले, महायुद्ध होऊन गेले. तरीही काम सुटले नाही. याचे श्रेय मोठ्या नावांपेक्षा योजना लेखी असण्याला अधिक आहे. विश्वेश्वरय्या निघून गेले तरी त्यांचा अहवाल दप्तरात राहिला, आणि तो अमलात आणण्यासाठी एक मंडळ निर्माण झाले. ज्या कामाला दप्तर आणि मंडळ मिळते, ते माणसे बदलली तरी पुढे चालते.

नदीकाठच्या ज्या जागा पुराने मोकळ्या केल्या, त्यांचाही विचारपूर्वक उपयोग झाला. दक्षिण काठावर हायकोर्टाची व सिटी कॉलेजची, आणि उत्तर काठावर उस्मानिया इस्पितळाची व पुढे ग्रंथालयाची, अशा भव्य इमारती उभ्या राहिल्या. यांपैकी कित्येकांचे आराखडे व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाचे. आज प्रवासी त्या घुमटांची छायाचित्रे काढतात. त्यांच्या जागी एके काळी गजबजलेली वस्ती होती आणि ती एका सकाळी नाहीशी झाली, हे सांगणारे तेथे फारसे काही नाही.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. शहर सुधारणा मंडळाची निर्मिती केवळ पुरातून झाली नाही. १९११ मध्ये शहरात प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीचे धोके नव्याने प्रत्ययास आले. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाने तर कहर केला. १९११ साली सुमारे ५ लाख असलेली शहराची लोकसंख्या १९२१ साली सुमारे ४ लाखांवर उतरली. पुराने झालेली हानी दोन-तीन वर्षांत भरून निघाल्यासारखी दिसली होती; रोगराईची खोट एका दशकातही भरून निघाली नाही. धरणे बांधली जात असतानाच शहर दुसऱ्या एका शत्रूपुढे हतबल झाले होते. एका आपत्तीसाठी केलेली तयारी दुसरीला पुरत नाही, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

(५)

आता तिसरा प्रश्न. शहराने काय लक्षात ठेवले?

दोन्ही जलाशय मुळात पुराच्या निवारणासाठी कल्पिले होते. पिण्याचे पाणी हा त्यांचा दुसरा लाभ. पण पूर क्वचित येतो आणि तहान रोज लागते. म्हणून कालांतराने हे जलाशय लोकांच्या मनात पाणीपुरवठ्याचे तलाव ठरले. येथे एक विरोध उत्पन्न होतो. पुरापासून रक्षण करावयाचे तर पावसाळ्यात जलाशयात रिकामी जागा असावी लागते. पाणी पुरवावयाचे तर तो भरलेला असावा लागतो. उस्मानसागरची साठवण सुमारे ३.९ अब्ज घनफूट आणि हिमायतसागरची सुमारे २.९७ अब्ज घनफूट. १९०८ च्या शिखरवेगाने पाणी आले तर हे दोन्ही जलाशय पूर्ण रिकामे असतानाही सुमारे साडेचार तासांत भरतील. भरलेले असतील तर अर्थातच काहीही थोपविणार नाहीत. तेव्हा धरण बांधले म्हणजे तयारी संपली, असे नसते. उस्मानसागरचे पंधरा आणि हिमायतसागरचे सतरा दरवाजे केव्हा, किती आणि कोणाला कळवून उघडावयाचे, या नियमात तयारीचा खरा भाग असतो. दगड आणि चुना पन्नास वर्षे टिकतो. नियम मात्र दरसाल पाळावा लागतो.

पुण्याच्या वाचकांना या ठिकाणी १२ जुलै १९६१ ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बांधकाम पुरते झाले नसता पानशेतच्या धरणात पाणी साठले. बांधाला धोका उत्पन्न झाल्याचे वर कळले होते, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. तरी शहरातील सामान्य नागरिकाला त्या सकाळी संकटाची कल्पना नव्हती. पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेले, आणि ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपले दरवाजे बसविले होते तेच पुण्याच्या विध्वंसात भागीदार झाले. हैदराबादेत १९०८ मध्ये वरच्या बातमीला खाली येण्याची वाट नव्हती. पुण्यात १९६१ मध्ये तार होती, टेलिफोन होता, आकाशवाणी होती. वाट होती, पण तिच्यावरून इशारा वेळेवर आला नाही. तेव्हा साधनांचा अभाव हे एकच कारण पुढे करता येत नाही.

हैदराबादेतील पुढचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. १९९६ साली दोन्ही जलाशयांच्या भोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामांवर निर्बंध घालणारा सरकारी हुकूम निघाला. 'जी. ओ. १११' या नावाने तो शहरात प्रसिद्ध आहे. पाणलोट मोकळे राहावे हा त्याचा हेतू. २०२२ मध्ये हे निर्बंध उठविणारा हुकूम निघाला. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस होऊन शहराचे अनेक भाग पाण्यात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा तसेच झाले, आणि या वेळी शहराच्या दक्षिण भागातील पल्ले चेरुवू व गुर्रम चेरुवू यांसारख्या तळ्यांचे बांध फुटून खालच्या वसाहती बुडाल्या. ११२ वर्षांनंतर संकटाचे कारण पुन्हा फुटलेली तळीच. फरक एवढाच की, १९०८ मध्ये ती तळी शहराबाहेर होती. २०२० पर्यंत शहर त्यांच्या बांधाखाली जाऊन बसले होते. तळे आटले की ते जमीन दिसते, आणि जमीन दिसली की तिला मालक मिळतो. पावसाच्या दोन दिवसांत तळ्याला आपली जुनी हद्द आठवते.

याच अवधीत कायद्याची साधने पुष्कळ वाढली, हे मान्य केले पाहिजे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना घटनेत स्थान मिळाले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रापासून जिल्ह्यापर्यंत प्राधिकरणे निर्माण केली आणि प्रत्येक जिल्ह्यास आराखडा करण्यास भाग पाडले. १९०८ च्या दिवाणाला ज्याची कल्पनाही नव्हती असे उपग्रह, पर्जन्यमापकांचे जाळे, खिशातला टेलिफोन हे सर्व आज हाताशी आहे. पण आराखडा कपाटात असणे आणि तो वॉर्डातल्या शेवटच्या शिपायाला तोंडपाठ असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००५ च्या मूळ कायद्यातील प्राधिकरणांची उतरंड जिल्ह्याच्या पायरीवर येऊन थांबली होती. नदी मात्र गल्लीत शिरते. गल्लीच्या पायरीवर कोण उभा आहे, हाच आजही प्रश्न आहे.

(६)

या विवेचनातून काय निष्पन्न होते? आमच्या मते तीन गोष्टी.

पहिली अशी की, संकट हद्द ओळखत नाही, म्हणून तयारीलाही हद्द नसावी. नदीचा विचार उगमापासून व्हावयास हवा आणि तो करणारे एक दप्तर असावयास हवे. १९०८ मध्ये सर्फ-ए-खास, पायगा, दिवाणी, दोन नगरपालिका आणि रेसिडेन्सी असे तुकडे होते. आज त्या नावांच्या जागी पाटबंधारे, महसूल, नगरविकास, जलमंडळ आणि महापालिका अशी नावे आहेत. नावे बदलली म्हणून तुकडे जोडले गेले, असे समजण्याचे कारण नाही.

दुसरी अशी की, तयारीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे वेळेवर पोचलेली बातमी. धरणाला वर्षे लागतात आणि लक्षावधी रुपये लागतात. वरच्या बांधावरच्या माणसाने खालच्या माणसाला रात्री उठवावे, आणि त्याचे ते कर्तव्य लेखी असावे, याला फारसे काही लागत नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या रात्री नेमके हेच नव्हते.

तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांच्या कक्षेतली आहे. हैदराबादच्या शाळांतून मुलांना चारमिनार केव्हा बांधला हे विचारले जाते. आपली शाळा ज्या भागात आहे तेथे १९०८ साली पाणी कोठवर चढले होते, हे विचारले जात नाही. शहरातील विवेकवर्धिनी संस्था १९०७ सालची, म्हणजे महापुराहून एका वर्षाने मोठी. ज्या मराठी शाळेचे आणि महापुराचे वय जवळजवळ एक आहे, तिच्या वर्गात महापुराचा एक धडा का नसावा? कारभाराची स्मृती दप्तरात राहते आणि दप्तर जळते, भिजते, रद्दीत जाते. लोकांची स्मृती वर्गात राहते आणि ती पिढीमागून पिढी चालते. दप्तर विसरले तर त्याला आठवण करून देणारे नागरिक असावे लागतात, आणि असे नागरिक शाळेतच घडतात.

चिंचेचे झाड अद्याप इस्पितळाच्या आवारात उभे आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर अद्याप शहराच्या वर आहेत. विश्वेश्वरय्यांनी विचारलेला प्रश्नही अद्याप तेथेच आहे : पाणी कोठून येते? दर पावसाळ्यापूर्वी हा प्रश्न नव्याने विचारणारा कोणीतरी शहराच्या कारभारात असला, म्हणजे १९०८ चे मृत व्यर्थ गेले नाहीत, असे म्हणता येईल.